आधी कोण बिघडलं? किडनी आणि बीपीच्या शोधाची गोष्ट

शेतातून, चुलीपुढून, शिलाई मशीनवरून, जिथून कुठून तुम्ही ऐकत असाल तिथून पाच मिनिटं जवळ येऊन बसा. आज आम्ही एक जुनी गोष्ट सांगणार आहोत. ती आपल्या गावची नाही, लंडन, स्टॉकहोम, अर्जेंटिना, ब्राझील अशी लांबलांबची आहे. पण तिचा शेवट आपल्या उपकेंद्रातल्या गोळ्यांच्या पाकिटात होतो.

आमच्या गटाच्या मासिक बैठकीला आरोग्य सेविका ताई बीपी मोजायला आल्या होत्या. ज्यांचा बीपी जास्त निघाला, त्यांना त्यांनी लघवी आणि रक्त तपासून घ्यायला सांगितलं. तेव्हा एका काकूंनी विचारलं, "बाई, बीपी म्हणजे हृदयाचं दुखणं ना? मग लघवी कशाला तपासायची?" सगळ्या हसल्या. पण प्रश्न हसण्यासारखा नव्हता. जगातल्या मोठमोठ्या डॉक्टरांना ह्याच प्रश्नाचं उत्तर शोधायला शंभर वर्षांहून जास्त काळ लागला.

आणि आम्हाला तर हसू आलंच नाही. कारण आमच्या गटातल्या एक थोरल्या ताई तेव्हा बैठकीला नव्हत्या. त्या जिल्ह्याच्या गावी डायलिसिसला गेल्या होत्या. आठवड्यातून दोन वेळा जातात. चार वर्षांपूर्वी एका शिबिरात त्यांचा बीपी वाढलेला निघाला होता. दोन महिने त्यांनी गोळ्या घेतल्या. बरं वाटलं, म्हणून बंद केल्या. खुरपणीने गुडघे दुखायचे, तेव्हा दुकानातून दुखण्याची गोळी आणायच्या. पुढे पायाला सूज आली, तोंड फुगलं, आणि तपासलं तेव्हा दोन्ही किडन्या जवळजवळ बंद पडलेल्या. गटाने त्यांना अंतर्गत कर्ज दिलं. आमच्या नोंदवहीत ताईंचा एकही हप्ता चुकलेला नाही. पण त्या चार वर्षांत त्यांचा बीपी कितीदा मोजला, ह्याची नोंद आमच्याकडे एकही नाही. म्हणून आम्ही ठरवलं, ही गोष्ट आपण नीट समजून घ्यायची आणि रेडिओवरून सगळ्यांना सांगायची.

सुरुवात लंडनपासून करू. तिथल्या गाईज हॉस्पिटलमध्ये रिचर्ड ब्राइट नावाचे डॉक्टर होते. त्यांच्याकडे अंगावर सूज आलेले पुष्कळ रुग्ण येत. ब्राइट ह्यांची तपासणी अगदी आपल्या स्वयंपाकघरातली वाटावी अशी होती. रुग्णाची लघवी चमच्यात घ्यायची आणि मेणबत्तीवर तापवायची. काहींच्या लघवीत उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्यासारखं साकळायचं. म्हणजे अंगातलं प्रथिन लघवीवाटे वाहून चाललं होतं. असे रुग्ण दगावले की ब्राइट त्यांचं शव तपासत. तेव्हा त्यांना किडन्या खराब झालेल्या, पुष्कळदा आक्रसलेल्या दिसत. १८२७ साली त्यांनी हे पुस्तकरूपाने मांडलं. १८३६ साली त्यांनी आणखी एक गोष्ट लिहिली. किडनी खराब असलेल्या पुष्कळ रुग्णांचं हृदय मोठं आणि जाड झालेलं असतं, जणू त्याला फार जोर लावून रक्त ढकलावं लागत होतं.

किडनी कमरेच्या वर, पाठीच्या बाजूला. हृदय छातीत. एक बिघडलं तर दुसरं का सुजावं? ब्राइट ह्यांना शंका आली की लहान रक्तवाहिन्यांतून रक्त जाणं अवघड होत असावं. पण त्या काळी माणसाचा रक्तदाब मोजायचं सोपं साधनच नव्हतं. त्याच्या शंभर वर्षं आधी, १७३३ साली, स्टीफन हेल्स नावाच्या इंग्रज धर्मगुरूंनी एका घोडीच्या धमनीत नळी बसवून उंच काचेच्या नळीत रक्त किती चढतं ते छापून प्रसिद्ध केलं होतं. ते आठ फुटांच्या वर चढलं होतं. पण माणसाच्या बाबतीत असं कोण करू देईल? इटलीतल्या रिवा-रोची ह्यांनी १८९६ साली दंडाला गुंडाळायचा हवेचा पट्टा काढला आणि रशियातल्या कोरोत्कोव ह्यांनी १९०५ साली त्या पट्ट्याखाली नळी लावून आवाज ऐकायची पद्धत सांगितली. आपल्या सेविका ताई दंडाला पट्टा बांधतात, फुगवतात, कानाला नळी लावतात, ती हीच पद्धत. वरचा आकडा आणि खालचा आकडा तेव्हापासून आला.

आता स्टॉकहोमला जाऊ. स्वीडन देशातलं थंडीचं गाव. तिथल्या कॅरोलिन्स्का संस्थेत रॉबर्ट टिगरस्टेट नावाचे प्राध्यापक होते, मूळचे फिनलंडचे. त्यांच्या हाताखाली पेर बर्गमन नावाचा विद्यार्थी होता. दोघांनी सशाची किडनी बारीक वाटली, तिचा अर्क काढला आणि दुसऱ्या सशाच्या शिरेत टोचला. थोड्याशा अर्काने त्या सशाचा रक्तदाब चढला. त्यांनी पुन्हा करून पाहिलं. किडनीच्या बाहेरच्या सालीसारख्या भागाचा अर्क असला तर दाब चढायचा, आतल्या गाभ्याचा असला तर नाही. १८९८ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. त्यांच्या लेखाचं नावच "किडनी आणि रक्ताभिसरण" ह्या अर्थाचं होतं. लॅटिन भाषेत किडनीला रेन म्हणतात, म्हणून ह्या पदार्थाला त्यांनी रेनिन नाव दिलं.

म्हणजे किडनी लघवी तर गाळतेच, पण ती रक्तात असं काहीतरी सोडते की ज्याने सगळ्या अंगाचा दाब बदलतो. केवढी मोठी गोष्ट! पण मैत्रिणींनो, पुढे चाळीस वर्षं ह्या गोष्टीकडे फारसं कुणी बघितलं नाही. दुसऱ्यांनी प्रयोग केले, काहींचे जमले, काहींचे जमले नाहीत. टिगरस्टेट स्वतःही दुसऱ्या कामाला लागले. खरं सांगितलेलं असलं तरी पुन्हा पुन्हा कुणी उचलून धरलं नाही तर ते कागदातच राहतं. आपल्या ग्रामसभेतल्या ठरावांचं होतं तसंच.

ही गोष्ट पुन्हा वर काढली अमेरिकेतल्या क्लीव्हलंड शहरातल्या हॅरी गोल्डब्लाट ह्यांनी. ते शव तपासणारे डॉक्टर. बीपी असलेल्या माणसांच्या किडनीच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या त्यांना दिसत. तेव्हाचं सर्वसाधारण मत असं की आधी दाब वाढतो आणि मग त्याने वाहिन्या खराब होतात. गोल्डब्लाट ह्यांनी प्रश्न उलटा केला. आधी किडनीचं रक्त कमी झालं, आणि म्हणून दाब वाढला, असं तर नसेल? चोर कोण आणि फिर्यादी कोण?

त्यांनी चांदीचा एक छोटा चिमटा तयार केला. कुत्र्याच्या किडनीकडे जाणाऱ्या धमनीला तो लावून हवा तितका आवळता यायचा. दोन्ही बाजूंच्या धमन्या अर्ध्यामुर्ध्या आवळल्या, आणि कुत्र्याचा दाब चढला, आणि चढलेलाच राहिला. १९३४ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. आज आपल्याला त्या मुक्या जनावरांचं वाईट वाटतं, आणि ते वाटायलाच हवं. पण त्या प्रयोगाने एक गोष्ट पक्की झाली. किडनीला रक्त कमी पोचलं की ती गप्प बसत नाही, सगळ्या अंगाचा दाब वाढवून आपला वाटा ओढून घेते.

आपल्या भाषेत सांगायचं तर नळाला पाणी कमी आलं की वरच्या आळीतल्या बायका पाणीवाल्याकडे जाऊन भांडतात, तो व्हॉल्व फिरवतो आणि सगळ्या गावाच्या पाइपात दाब वाढतो. किडनी ही वरची आळी. पण हा पाणीवाला कोण? किडनीचा निरोप सगळ्या अंगातल्या रक्तवाहिन्यांना कोण पोचवतं?

हे एकाच वेळी दोन ठिकाणी सापडलं. एक ठिकाण दक्षिण अमेरिकेतलं, अर्जेंटिनाची राजधानी बुएनोस आइरेस. तिथे बर्नार्दो उसाय ह्यांच्या संस्थेत एदुआर्दो ब्राउन-मेनेंदेस, फासिओलो, लेलुआर, मुन्योस आणि ताकिनी हे तरुण काम करत होते. दुसरं ठिकाण अमेरिकेतलं इंडियानापोलिस, तिथे अर्विन पेज आणि त्यांचे सोबती. १९३९-४० च्या सुमारास दोन्हीकडे कळलं की रेनिन स्वतः रक्तवाहिन्या आवळतच नाही. रेनिन ही नुसती कात्री आहे. रक्तात फिरणाऱ्या एका मोठ्या प्रथिनाचा ती तुकडा पाडते, आणि तो तुकडा वाहिन्या आवळतो. अर्जेंटिनावाल्यांनी त्या तुकड्याला हायपरटेन्सिन म्हटलं, अमेरिकेतल्यांनी अँजिओटोनिन म्हटलं. एकाच लेकराची दोन बारशी झाली. पुढे जवळपास वीस वर्षं दोन्ही नावं चालली. शेवटी १९५८ साली ब्राउन-मेनेंदेस आणि पेज ह्यांनी मिळून ठरवलं की अर्धं नाव तुमचं, अर्धं आमचं. तेव्हापासून नाव झालं अँजिओटेन्सिन. दोन गटांनी भांडण न वाढवता असं मिटवलं, हे आम्हाला फार आवडलं.

आता हे संप्रेरक, म्हणजे हार्मोन, अंगात कसं काम करतं ते एकदा साखळीने बघू. ऐकता ऐकता बोटांवर मोजा.

पहिली कडी किडनी. आपल्या हृदयातून निघालेल्या रक्ताचा साधारण पाचवा हिस्सा किडन्यांकडे जातो. दिवसभरात त्या जवळजवळ १८० लिटर पाणी गाळतात आणि त्यातलं बहुतेक सगळं परत अंगात घेतात. लघवी होते ती फक्त दीड-दोन लिटर. एवढं गाळायचं तर रक्ताला दाब हवा. दाब कमी पडला, किंवा अंगातलं मीठ-पाणी कमी झालं, की किडनी रेनिन सोडते.

दुसरी कडी यकृत, म्हणजे लिव्हर. ज्या मोठ्या प्रथिनाचा तुकडा पाडायचा ते यकृत बनवून रक्तात सोडतं. रेनिन त्यातून दहा मण्यांचा तुकडा कापते. पण हा दहा मण्यांचा तुकडा अजून दुबळा असतो.

तिसरी कडी फुप्फुस. तिथल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर दुसरी कात्री बसलेली असते. ती त्या तुकड्याचे शेवटचे दोन मणी छाटते. आठ मणी उरले की तो जोरदार होतो. ही दोन रूपं आणि ही दुसरी कात्री क्लीव्हलंडच्याच लेनर्ड स्केग्ज ह्यांनी १९५४ ते १९५६ ह्या काळात दाखवली.

चौथी कडी म्हणजे ह्या आठ मण्यांच्या तुकड्याची कामं. तो अंगभरच्या लहान रक्तवाहिन्या आवळतो. बागेला पाणी घालताना पाइपाच्या तोंडावर बोट दाबलं की धार जोरात जाते, तसं. तो तहान लावतो. किडनीच्या डोक्यावर टोपीसारखी बसलेली एक ग्रंथी असते, तिला तो दुसरं संप्रेरक सोडायला लावतो, आणि त्या दुसऱ्या संप्रेरकामुळे किडनी मीठ आणि पाणी धरून ठेवते. शिवाय खुद्द किडनीत, गाळणीतून बाहेर जाणारी बारीक वाहिनी तो जास्त आवळतो. बाहेरची वाट अरुंद झाली की गाळणीत दाब टिकतो आणि रक्त कमी असलं तरी गाळण्याचं काम चालू राहतं.

म्हणजे मैत्रिणींनो, हा शत्रू नाही. बाळंतपणात रक्त गेलं, हगवण लागली, उन्हात घामाने अंग सुकलं, तर हाच आपल्याला तगवून धरतो. दुष्काळात माणसं पाणी राखून वापरतात, तसा हा अंगातला दुष्काळी बंदोबस्त आहे. घोटाळा होतो तो दुष्काळ नसताना बंदोबस्त चालू राहिला तर. मग वाहिन्या सतत आवळलेल्या राहतात, मीठ-पाणी साठतं, दाब चढतो. चढलेल्या दाबाने किडनीच्या गाळणीची बारीक छिद्रं खराब होतात, प्रथिन गळायला लागतं. काही गाळण्या बंद पडल्या की उरलेल्यांवर जादा ओझं येतं, आणि त्याही खचतात. आधी कोण बिघडलं, ह्या प्रश्नाचं उत्तर हेच आहे. कधी किडनी आधी बिघडते, कधी दाब आधी वाढतो, पण एकदा सुरू झालं की दोघं एकमेकांना बिघडवत राहतात. काकूंनी विचारलं होतं ना, लघवी का तपासायची? ती गळती लवकर कळावी म्हणून. ब्राइट ह्यांच्या चमच्याची जागा आता पट्टीने घेतली, एवढंच.

कारण कळलं, पण औषध? तुम्हाला खरं वाटणार नाही. १२ एप्रिल १९४५ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट मेंदूत रक्तस्राव होऊन वारले. त्या दिवशी त्यांचा बीपी ३०० वर १९० मोजला गेला. जगातल्या सगळ्यात बलाढ्य देशाचा प्रमुख, पण त्याला द्यायला डॉक्टरांकडे चांगली गोळी नव्हती. आराम करा, मीठ कमी खा, हाच सल्ला. त्याच काळात वॉल्टर केम्पनर नावाचे डॉक्टर अमेरिकेत रुग्णांना जवळजवळ मीठ नसलेला भात आणि फळं एवढंच खायला घालत होते. पुष्कळांचा दाब त्याने उतरलाही, पण महिनोन्‌महिने असं खाणं फार थोड्यांना जमलं.

औषधाची वाट सापडली ती एका सापामुळे. ब्राझीलमध्ये जराराका नावाचा विषारी साप आहे. आपल्या घोणस-फुरशाच्या घराण्यातला, आणि कोकणात-घाटात झाडावर दिसणाऱ्या हिरव्या चापड्याचा जवळचा नातलग. तो चावला की माणसाचा रक्तदाब एकदम खाली येतो. १९६५ साली ब्राझीलचे सर्जिओ फेरेरा ह्यांनी त्या विषात असा घटक दाखवला की जो वाहिन्या सैल करणाऱ्या अंगातल्या एका द्रव्याचं काम वाढवतो. पुढे ते हा अर्क घेऊन लंडनला जॉन वेन ह्यांच्या प्रयोगशाळेत गेले. तिथे वाय. एस. बखले नावाचे संशोधक होते. आडनाव ऐकून आपल्या कानांना ओळखीचं वाटतं ना? बखले ह्यांनी १९६८ साली दाखवलं की हा विषाचा अर्क फुप्फुसातली ती दुसरी कात्रीच अडवतो. कात्री अडली की दहा मण्यांच्या तुकड्याचे आठ होत नाहीत आणि वाहिन्या आवळल्या जात नाहीत.

विष काही कुणी रोज टोचून घेणार नाही. म्हणून अमेरिकेतल्या एका औषध कंपनीतल्या डेव्हिड कुशमन आणि मिगेल ओन्देत्ती ह्यांनी त्या कात्रीच्या खाचेत बसेल असा छोटा पदार्थ प्रयोगशाळेत घडवला. कुलपात बसणारी खोटी किल्ली म्हणा. ती गोळी म्हणजे कॅप्टोप्रिल. १९८१ साली अमेरिकेत तिला परवानगी मिळाली. तिच्या बहिणी एनालाप्रिल, रॅमिप्रिल. ह्या गोळ्यांनी काहींना कोरडा खोकला येतो, म्हणून पुढे दुसरा उपाय निघाला. कात्री अडवण्याऐवजी आठ मण्यांचा तुकडा रक्तवाहिनीवर जिथे जाऊन बसतो ती जागाच अडवायची. लोसार्टन, टेल्मिसार्टन ही त्यातली नावं. आता घरातल्या गोळ्यांचं पाकीट उलटून बघा. नावाच्या शेवटी "प्रिल" किंवा "सार्टन" असेल, तर ती गोळी ह्याच गोष्टीतली आहे.

१९९३ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या तपासणीत दिसलं की लहान वयात लागणाऱ्या मधुमेहात किडनी खराब होऊ लागलेल्या रुग्णांना कॅप्टोप्रिल दिली, तर किडनीची पडझड पुष्कळ मंदावते. म्हणजे ही गोळी नुसता आकडा उतरवत नाही, गाळणीवरचं ओझंही हलकं करते. २०१७ साली आपल्या देशात सरकारी दवाखान्यांतून बीपीच्या रुग्णांना नियमित तपासणी आणि गोळ्या देण्याचा जो उपक्रम सुरू झाला, त्यातल्या पहिल्या राज्यांत महाराष्ट्र होता. रूझवेल्टना जी गोळी मिळाली नाही, ती आज आपल्या काकूंना आरोग्य केंद्रात मिळू शकते. आपण ती दोन महिन्यांत बंद करतो, ह्याला काय म्हणावं?

आता खास बायकांसाठी दोन गोष्टी, आणि ह्या नीट ऐका.

पहिली गरोदरपणाची. १९७३ साली अमेरिकेत टेक्सासमधल्या डॉक्टरांनी पहिलटकरणींवर एक अभ्यास केला. गरोदर बाईला अँजिओटेन्सिन थोडं थोडं दिलं, तर तिचा दाब सहजी चढत नाही. पोटातल्या बाळाला भरपूर रक्त मिळावं म्हणून तिचं अंग जणू त्याचं ऐकेनासं होतं. पण ज्यांना पुढे गरोदरपणातला बीपीचा विकार झाला, त्यांचं हे कवच कितीतरी आठवडे आधीच गळून पडलं होतं. वरून काही दिसत नव्हतं, आत बदल सुरू झाला होता. म्हणून गरोदर सुनेला "ती चांगली चालते-फिरते, कशाला दवाखाना" असं म्हणू नका. दर तपासणीला बीपी आणि लघवी दोन्ही झालं पाहिजे. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची तपासणी होते, ती चुकवू नका. डोकं फार दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, तोंडावर-हातांवर सूज, पोटाच्या वरच्या भागात दुखणं, ह्यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी जायचं. आणि "प्रिल" व "सार्टन" गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत, बाळाच्या किडनीला त्या घातक ठरतात. तुम्ही ह्या गोळ्या घेत असाल आणि दिवस गेले किंवा दिवस राहावेत असं मनात असेल, तर लगेच डॉक्टरांना सांगा, ते गोळी बदलून देतात. सासूबाईंची गोळी सुनेला द्यायची तर मुळीच नाही.

दुसरी गोष्ट दुखण्याच्या गोळीची. ज्या जॉन वेन ह्यांच्या प्रयोगशाळेत विषाचा अर्क तपासला, त्याच वेन ह्यांनी १९७१ साली ऍस्पिरिनसारख्या गोळ्या दुखणं कशा थांबवतात ते दाखवलं. पुढे त्यांना नोबेल मिळालं. ह्या गोळ्या अंगातली काही द्रव्यं बनू देत नाहीत. पण त्याच द्रव्यांवर किडनीची आत येणारी वाट उघडी राहते. उन्हात काम करून अंग सुकलं की अँजिओटेन्सिन वाहिन्या आवळतं, आणि ती द्रव्यं किडनीपुरती वाट उघडी धरतात. अशा वेळी आपण रिकाम्या पोटी, बिनपाण्याची दुखण्याची गोळी घेतली, तर तो धरलेला हात सुटतो. किडनीचं रक्त तुटतं. बीपीची गोळी चालू असेल तर धोका आणखी वाढतो. एखाद्या दिवशी एखादी गोळी घेतली म्हणून लगेच किडनी जात नाही. पण रोजची सवय, तीही दुकानातून न विचारता, ती वाईट. आमच्या थोरल्या ताईंचं नेमकं कशाने झालं, हे एका कारणावर बोट ठेवून डॉक्टरही सांगत नाहीत. पण न तपासलेला बीपी आणि रोजची गोळी, दोन्ही त्यांच्या घरात होतं.

मिठाचंही बोलायला हवं, जरी आम्हाला ते अवघड जातं. आमचा गट पापड-लोणची करतो आणि विकतो. त्यावर आमची घरं चालतात. पण दिवसाला माणशी पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे लहान चमचाभर मीठ, एवढंच जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यात भाजी, भाकरी, ठेचा, फरसाण सगळं आलं. म्हणून आम्ही ठरवलंय की पापडाच्या पिठात मीठ आणि पापडखार मोजूनच घालायचा, अंदाजाने नाही. आणि बीपी असलेल्या घरी लोणचं बोटभर, वाटीभर नाही.

शेवटी आम्ही काय केलं ते सांगतो. आमच्या नोंदवहीत बचत, कर्ज, व्याज, दंड असे रकाने होते. आम्ही त्यात एक रकाना वाढवला, बीपी. तीस वर्षांवरच्या प्रत्येकीचा आकडा दर तीन महिन्यांनी त्यात लिहायचा. ज्यांना गोळ्या चालू आहेत त्यांचा दर महिन्याला. आकडा १४० वर ९० किंवा त्याहून जास्त निघाला तर एकट्या बाईला पाठवायचं नाही, गटातली दुसरी सोबत जाते. गोळी संपायच्या आधी आठवण करायची. आणि "बरं वाटतंय म्हणून बंद केली" असं कुणी म्हटलं, तर तिला ही सशाची, घोडीची आणि सापाची गोष्ट सांगायची. बीपी वाढलेला असताना बहुतेकांना काहीच वाटत नाही. म्हणून तर टिगरस्टेटपासून गोल्डब्लाटपर्यंत सगळ्यांना तो मोजावा लागला.

परवा थोरल्या ताई डायलिसिसचा दिवस सोडून बैठकीला आल्या. हात पुढे करून म्हणाल्या, "माझंही लिहा त्या रकान्यात." आम्ही लिहिलं. त्यांच्या नावापुढचा तो पहिला आकडा.

तुमच्या गटाच्या वहीतही असा एक रकाना आखा, मैत्रिणींनो. पट्टी आणि पेन्सिल लागते, दुसरं काही नाही. नमस्कार.